बागेतले, बांधावरचे आणि माळावरचे वन्यजीव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सासवडच्या बाहेर आमचं घर आहे. मागे पाच गुंठ्यांची बाग, कुंपणापलीकडे अंजीर-सीताफळाचे मळे आणि त्यानंतर उघडा माळ. रोज सकाळी पाऊण तास मी बागेतल्या एकाच दगडावर बसते आणि दिसेल ते वहीत लिहिते. हे कळल्यापासून शेजारीपाजारी, शाळेतली मुलं, नातेवाईक, नातेवाइकांचे मित्र असे सगळे फोटो पाठवून विचारत असतात. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. सोप्यापासून अवघडाकडे असा क्रम आहे. एकातलं उत्तर दुसरीकडे लागत असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. वन्यजीव म्हणजे जंगलातले. आमच्या घरामागच्या बागेत काय दिसणार?

चहाचं आधण येईपर्यंत दाराशी उभे राहा. दयाळ, शिंपी, लालबुड्या बुलबुल, शिंजीर, सातभाईंचा कलकलाट करणारा थवा, खार, सरडा. नशीब असेल तर कुंपणाच्या कडेने पळणारं मुंगूस. हे सगळे वन्यजीवच आहेत. २०१५ साली ज्याला राज्यफुलपाखराचा मान मिळाला तो नीलवंत लिंबाच्या जातीच्या झाडांवर वाढतो आणि बागेत सहज येतो. राज्यपक्षी हरियाल पिकलेल्या वडा-उंबरावर येतो. फक्त तो पानांसारखाच हिरवट-पिवळा असल्याने हलल्याशिवाय दिसत नाही. त्याच्यासाठी जंगलात जायची गरज नाही, झाडाखाली दहा मिनिटं मान वर करून उभं राहायची आहे.

२. सुरुवात कशी करू? दुर्बीण लागेलच का?

पहिले दोन महिने दुर्बीण घेऊ नका. वही घ्या. रोज एकच जागा, एकच वेळ. तारीख, वेळ, हवा, काय दिसलं आणि ते काय करत होतं, एवढं लिहा. नाव माहीत नसेल तर ‘चिमणीएवढा, तपकिरी, शेपूट सतत वर’ असं लिहा. रोज नवी जागा शोधणाऱ्याला पक्षी दिसतात, पण त्यांचं वागणं कळत नाही. त्याच दगडावर बसल्यावर महिन्याभरात कळतं की हा नाचण रोज याच फांदीवर येतो आणि तो खंड्या सरडा पकडला की आधी त्याच खांबावर आपटतो.

दुर्बीण घ्यायची झाली तर ८ बाय ४२ घ्या, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी, पुढची भिंगं ४२ मिलिमीटरची. १० पटीची हातात हलते, नवशिक्याला तिच्यात पक्षी सापडेपर्यंत तो उडालेला असतो.

३. कोणत्या वेळी बघावं?

पक्ष्यांसाठी सूर्य उगवल्यानंतरचे दीड-दोन तास. फुलपाखरं आणि सरडे ऊन तापल्याशिवाय बाहेर पडत नाहीत, म्हणून दहाच्या पुढे. दिवेलागणीला पिंगळे ढोलीतून डोकी बाहेर काढतात आणि वटवाघळं निघतात. रात्रीच्या पाहुण्यांसाठी प्रश्न १२ पाहा.

४. वर्षभरात कोणत्या महिन्यात काय दिसतं?

जानेवारी-फेब्रुवारीत पाहुणे मुक्कामाला असतात. थिरथिरा कुंपणावर बसून शेपूट थरथरवत असतो, धोबी अंगणात तुरुतुरु चालतो. याच सुमारास पळस, पांगारा, काटेसावर फुलतात. पूर्ण फुललेल्या एका काटेसावरीखाली तासभर बसा. भोरड्यांचा थवा, कोतवाल, शिंजीर, बुलबुल, साळुंख्या, कावळेसुद्धा मध प्यायला येतात आणि परागकणांनी त्यांची तोंडं पिवळी होतात. एका झाडावर एवढं दिसणारा दुसरा महिना नाही.

मार्च-एप्रिलमध्ये दयाळ पहाटे गातो, दुपारी तांबटाची टुक टुक चालू असते, कोकीळ ओरडायला लागतो. ओरडणारा काळा असतो तो नर. ठिपक्याठिपक्यांची तपकिरी मादी पाहून पुष्कळजण तिला वेगळाच पक्षी समजतात. जून-जुलैत ‘कावळा दुसऱ्याच पक्ष्याच्या पिल्लाला भरवतोय’ असे व्हिडिओ येतात, ते पिल्लू बहुतेक कोकिळेचंच.

मेअखेरीस पावशा ‘पेर्ते व्हा’ सांगत फिरतो आणि तुरेवाला काळा-पांढरा चातक येतो. मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी जमिनीकडे बघत चाला. लाल मखमलीचे मृगाचे किडे दोन-चार दिवसच दिसतात. रात्री डबक्यात मोठ्या बेडकांचे नर पिवळेधमक झालेले असतात. मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा कुणीतरी हळद ओतली असं वाटलं होतं.

पावसाळ्यात विहिरीवरच्या बाभळीला सुगरणींची घरटी लटकतात. विणतो नर. मादी येऊन पाहते आणि पसंत पडलं तरच राहते. सप्टेंबर-ऑक्टोबर फुलपाखरांचा काळ, आणि ऑक्टोबरात पहिला धोबी अंगणात उतरला की वहीत मी त्या ओळीखाली रेघ मारते.

५. पक्षी ओळखायचा कसा? ॲप सांगतं ते बरोबर असतं का?

रंगाकडे शेवटी या. आधी आकार (चिमणीएवढा, साळुंखीएवढा की कावळ्याएवढा), मग चोच, शेपूट, बसण्याची ढब आणि जागा. जमिनीवर चालतोय, तारेवर बसून मधेच झेप घेतोय की खोडावर उभा चढतोय, एवढ्यावरच निम्मे पक्षी बाद होतात.

मर्लिन, ई-बर्ड, आयनॅचरलिस्ट ही ॲप्स उपयोगी आहेत, मीही वापरते. पण आवाजावरून ओळखणारं ॲप कोतवालाच्या नकलेला फसू शकतं, कारण कोतवाल शिक्र्याचा आवाज काढून इतरांना हुसकावतो. ॲपचं नाव हा अंदाज समजा आणि डोळ्यांनी पाहिल्याशिवाय वहीत पक्कं करू नका. ॲपमधला आवाज मोठ्याने वाजवून पक्षी बोलावणं विणीच्या काळात तर अजिबात नको. आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला असं समजून तो सगळं सोडून भांडायला येतो, आणि तेवढा वेळ घरटं उघडं पडतं.

६. पक्षी आणि फुलपाखरं यावीत म्हणून कोणती झाडं लावू?

जागा मोठी असेल तर उंबर. तो वर्षातून अनेकदा फळतो आणि तांबट, हरियाल, राखी धनेश, वटवाघळं सगळ्यांना पोसतो. मध्यम जागेत पांगारा, ताम्हण, कढीपत्ता, लिंबू, बेल. कुंपणाला ईश्वरीचा वेल सोडला तर त्यावर गुलाबी अंगाची काळी-लाल फुलपाखरं अंडी घालतात. बांधावर आपोआप आलेली रुई उपटू नका, तिच्यावर नारिंगी-काळी फुलपाखरं वाढतात. घाणेरी मात्र फुलं छान दिसली तरी लावू नका. ती पसरते आणि माळावरच्या गवताला जागा ठेवत नाही.

झाडांइतकाच महत्त्वाचा आहे न झाडलेला कोपरा. आमच्या बागेत आंब्याखालचा पाचोळा कुणी उचलत नाही. तिथे सापसुरळ्या आहेत, बेडूक आहेत, आणि सातभाई रोज येऊन तो उलटापालटा करून किडे शोधतात. सगळी बाग झाडून, सिमेंटचे गट्टू बसवून मग ‘हल्ली पक्षी येत नाहीत’ म्हणणारी माणसं मला दर आठवड्याला भेटतात.

७. लिंबाची पानं अळ्या खातायत. औषध मारू का?

मारू नका, आधी बघा. नव्या अळ्या पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसतात. काळपट तपकिरी, मधे पांढरा पट्टा, पानावर निपचित. मोठ्या झाल्या की कात टाकून एकदम हिरव्या होतात. काडीने हळूच डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी-लाल दुहेरी शिंग बाहेर येतं आणि आंबट-उग्र वास सुटतो. मुंग्या-गांधीलमाश्यांना पळवायची ती युक्ती आहे. एकदाच दाखवा मुलांना, पुन्हा पुन्हा छळू नका. अंड्यापासून फुलपाखरू होईपर्यंत साधारण महिना लागतो.

मोठं झाड तेवढी पानं पुन्हा फुटवतं. कुंडीतलं रोप असेल आणि पाच-सहा पानंच उरली असतील तर अळ्या उचलून मोठ्या लिंबावर, कढीपत्त्यावर किंवा बेलावर सोडा. औषध मारलेल्या अळ्या शिंपी पिल्लांना भरवतो, हेही ध्यानात ठेवा.

८. पक्ष्यांना खायला काय ठेवू?

पाणी ठेवा. मातीचं पसरट भांडं, दोन-तीन बोटं खोल, मधे एक दगड, सावलीत आणि मांजर दबा धरू शकणार नाही असं उघड्यावर. पाणी रोज बदला, भांडं दोन दिवसांआड घासा. साचलेलं पाणी आठवड्याभरात डास वाढवतं.

खाण्याबद्दल माझं मत वेगळं आहे. पाव, शेव, फरसाण पक्ष्यांना बाधतं, आणि रोज धान्य टाकलं की पारवेच वाढतात, बाकीचे मागे हटतात. खाऊ घालायचंच असेल तर झाड लावा. चिमण्यांसाठी उन्हाळ्यात मूठभर बाजरी चालेल, पण जागा रोज झाडून घ्या.

९. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. फक्त गॅलरी आहे. काही उपयोग?

पानफुटीची एक कुंडी ठेवा. काळं, पांढरं आणि नारिंगी असं एक छोटं फुलपाखरू तिच्या मांसल पानांवर अंडी घालतं. अळी पानाच्या आत शिरून बोगदा करत खाते. पान उजेडासमोर धरलं तर ती आत दिसते. कढीपत्त्याच्या कुंडीवर प्रश्न ७ मधल्या अळ्या येतील. संध्याकाळी समोरच्या झाडावर कोण वस्तीला उतरतं ते मोजा. मी पुण्यात भाड्याच्या खोलीत असताना समोरच्या एका पिंपळावर वर्षभरात ३१ जातींचे पक्षी मोजले होते.

१०. झाडात घरटं आहे, अंडी दिसतायत. फोटो काढू का?

लांबून एक काढा आणि निघून जा. रोज जाऊन बघितलंत तर कावळे आणि मांजरं तुमच्या मागोमाग वाट शिकतात. फांद्या बाजूला करून फोटो काढणं म्हणजे घरट्यावरचं छप्पर काढणं.

हे मी चूक करून शिकले. एका जूनमध्ये कुंपण छाटताना अंजिराची दोन पानं कापसाच्या तंतूंनी एकमेकांना शिवलेली दिसली. टाके अगदी सुईने घातल्यासारखे, आत पिसं आणि सावरीचा कापूस, तीन अंडी. शिंपीचं घरटं. मी लगेच थांबले, पण शेजारच्या फांद्या तोवर पडल्या होत्या. दुसऱ्या दिवशी घरटं रिकामं होतं. तेव्हापासून मार्च ते सप्टेंबर आमच्या कुंपणाला कात्री लागत नाही.

टिटवी उघड्या रानात खड्यांमध्ये अंडी घालते, बहुधा चार. ती डोक्यावर झेपा घेत ओरडायला लागली की अंडी तुमच्या पायाजवळ आहेत असं समजा आणि आल्या वाटेने मागे फिरा. नांगरट करायची असेल तर तेवढ्या जागेभोवती चार दगड ठेवून ट्रॅक्टरवाल्याला दाखवून द्या. आमच्याकडचे बहुतेक ऐकतात.

११. बागेत साप निघाला. विषारी आहे का हे कसं ओळखू?

लांब राहा, मुलं-कुत्री आत घ्या, नजर त्याच्यावर ठेवा आणि जवळच्या सर्पमित्राला किंवा वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. ओळखण्यासाठी जवळ जाऊ नका.

महाराष्ट्रात बहुतेक गंभीर दंश चार सापांचे: नाग, मण्यार, घोणस, फुरसे. बागेत निघणारे बहुतेक साप म्हणजे धामण, दिवड, कवड्या आणि कुंडीच्या मातीतला गांडुळासारखा वाळा. चौघेही बिनविषारी. धामण उंदीर खाते, तिला मारणारा शेतकरी आपल्याच कणगीचं नुकसान करतो.

सर्वात जास्त गोंधळ कवड्या आणि मण्यारीचा. दोघांच्याही अंगावर पांढरे पट्टे. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे फिके होत जातात. मण्यारीच्या मानेजवळ पट्टे नसतात किंवा पुसट असतात, शेपटीकडे ते ठळक होतात. भिंत चढून आलेला हातभर साप बहुधा कवड्या. पण हा फरक फोटोत झूम करून बघायचा, हाताने नाही. चूक परवडणारी नाही. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि दंश कित्येकदा जाणवतही नाही. पहाटे पोटात दुखणं, पापण्या जड होणं, बोलताना जीभ अडखळणं असं काही झालं तर दंशाची खूण शोधत बसू नका, १०८ ला फोन करा आणि सरकारी रुग्णालय गाठा. चिरा देणं, आवळून बांधणं, मांत्रिक यात वेळ घालवू नका.

१२. रात्री पत्र्यावर पावलं वाजतात. सकाळी बियांनी भरलेली विष्ठा दिसते. कोण असेल?

उदमांजर. कोकणात कांडेचोर म्हणतात. पपई, चिकू, आंबा, माडी, काहीही गोड आवडतं. उंदीरही खातं. माणसाच्या अंगावर येत नाही. माळ्यावर पिल्लं घातली असतील तर ती मोठी होईपर्यंत थांबा, मग ते बाहेर गेल्याची खात्री करून फट बुजवा.

स्वयंपाकघरात चीं चीं करत भिंतीला धरून पळते ती चिचुंद्री. ती उंदीर नाही, झुरळं आणि किडे खाते.

१३. सापसुरळी चावली तर माणूस मरतो ना? आणि घोरपड?

दोन्ही बिनविषारी. सापसुरळीबद्दलची भीती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, तिला अर्थ नाही. घोरपड कोपऱ्यात सापडली तर चावते आणि शेपटीचा फटका मारते, म्हणून तिला वाट द्या. घोरपडीचं तेल म्हणून जे विकतात ते घेणं गुन्हा आहे.

१४. माळरानावर नुसतं गवत दिसतं. तिथे जाऊन काय बघायचं?

सरकारी कागदावर पुष्कळदा माळाला ‘पडीक’ म्हणतात, तिथूनच हा गैरसमज सुरू होतो. माळ बसून बघायचा असतो. पहाटे एखाद्या दगडाआड बसा. धाविक पक्षी दहा पावलं पळतो, थांबतो, पुन्हा पळतो. चंडोल गात गात आभाळात चढतो आणि दगडासारखा खाली येतो. हिवाळ्यात भोवत्या हे शिकारी पक्षी गवतावरून खालून-खालून उडतात. खोकड बिळाच्या तोंडाशी ऊन खात बसलेलं असतं. बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. जेमतेम ५ चौरस किलोमीटरचं, पण तिथे चिंकारा हमखास दिसतो. काळविटांसाठी नगरकडच्या कर्जतजवळचं रेहेकुरी अभयारण्य.

लांडगा बघायचा असेल तर धनगरांशी बोला. मेंढ्या गमावूनही लांडग्याचा राग न करणारी म्हातारी माणसं मी त्यांच्या वाड्यावर पाहिली आहेत. तो कुठून येतो, कुठे पाणी पितो हे त्यांना ठाऊक असतं. मात्र गाडीने त्याचा पाठलाग करणाऱ्यांबरोबर जाऊ नका. विणीच्या काळात गाड्या सतत आल्या की लांडगी पिल्लं तोंडात धरून जागा बदलते, आणि त्या धावपळीत पिल्लं दगावतात.

१५. शेतात ठसा दिसला. बिबट्याचा की कुत्र्याचा?

बोटांच्या पुढे नखांच्या खुणा आहेत का ते बघा. कुत्रा, लांडगा, तरस यांची नखं उमटतात. बिबट्या चालताना नखं आत ठेवतो. त्याचा ठसा गोलसर असतो आणि तळव्याच्या मागच्या कडेला तीन उंचवटे दिसतात. चिखलात घसरलेल्या पायाला कधी कधी नखं उमटतात, म्हणून एका ठशावर ठरवू नका, पाच-सहा बघा. शेजारी पट्टी किंवा काडेपेटी ठेवून वरून सरळ फोटो काढा. बिबट्याचा वाटला तर गावात आरडाओरडा करण्याआधी वनरक्षकाला दाखवा.

१६. ऊसतोडीत मांजरासारखी पिल्लं सापडली. घरी आणून दूध पाजू का?

नको. ती बिबट्याची असतील किंवा वाघाटीची. वाघाटी जगातल्या सर्वात लहान रानमांजरांपैकी एक आहे. आई आसपासच असते. तोड थांबवा, माणसं मागे घ्या, जागेवर खूण ठेवा आणि १९२६ ला कळवा. वनखात्याची माणसं पिल्लं तपासून संध्याकाळी त्याच जागी खोक्यात ठेवतात आणि आई रात्री येऊन घेऊन जाते. जुन्नरकडे हे अनेकदा झालं आहे. पिल्लं गावभर फिरवली, सेल्फी काढले तर ही संधी जाते.

१७. पक्ष्याचं पिल्लू खाली पडलंय. उचलू का?

पिसं आली असतील आणि उड्या मारत असेल तर ते उडायला शिकतंय. मांजर येईल अशी जागा असेल तर जवळच्या फांदीवर ठेवा आणि दूर व्हा. उघडं, डोळे मिटलेलं असेल तर घरट्यात परत ठेवा. माणसाचा हात लागला की आई टाकते हे खरं नाही. तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं.

१८. तळहाताहून मोठं फुलपाखरू भिंतीवर बसलंय, हलतही नाही. दुर्मिळ आहे का?

तो ॲटलस पतंग. पंख पसरले की वीतभर किंवा त्याहून मोठा, टोकाला सापाच्या तोंडासारखी नक्षी. कोकण आणि घाटाकडे पावसाळ्यात दरवर्षी दिसतो. आजारी नाही. त्याला खायला तोंडच नसतं, अळी असताना साठवलेल्यावर तो आठवडाभर जगतो आणि तेवढ्यात जोडीदार शोधतो. पाणी-साखर ठेवू नका, बरणीत घालू नका, रात्री बाहेरचा दिवा बंद करा.

१९. काजवे बघायला कुठे आणि कधी जाऊ?

मेअखेर ते जूनचा मध्य, पावसाच्या अगदी आधी. भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची. त्यांचं लुकलुकणं म्हणजे जोडीदाराला हाक असते. तुमच्या बॅटरीच्या आणि गाडीच्या दिव्यात ती हाक बुडते. दिवे बंद करून वाटेवर उभे राहा, झाडांखाली शिरू नका. तिथल्या मातीत माद्या असतात.

२०. पोपट पाळला तर चालतो ना? कासव?

नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपला देशी पोपट, चांदणी कासव, मुनिया हे पाळणं, विकणं, विकत घेणं गुन्हा आहे, मग ते कितीही प्रेमाने ठेवलेलं असो. घरात आधीपासून असेल तर परस्पर सोडून देऊ नका. पिंजऱ्यात वाढलेल्या पोपटाला बाहेर खाणं शोधता येत नाही. वनखात्याशी बोला.

२१. माझ्या नोंदींचं काय करू? कुठे दिसलं ते सगळ्यांना सांगू का?

ई-बर्डवर किंवा आयनॅचरलिस्टवर टाका. पंधरा मिनिटांची यादीही चालते, आणि ‘आज फक्त कावळे आणि पारवे’ हीसुद्धा नोंद आहे. फेब्रुवारीत चार दिवस घरामागचे पक्षी मोजायचा जागतिक उपक्रम असतो. ५ ते १२ नोव्हेंबर आपल्या राज्यात पक्षी सप्ताह असतो. मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मतारखांमधला तो आठवडा. नव्याने सुरुवात करायला दोन्ही चांगले.

साळुंखी कुठे दिसली ते खुशाल सांगा. घुबडाची ढोली, लांडग्याचं बीळ, चांदणी कासव, घरटं यांची जागा मात्र गटांवर टाकू नका. फोटोत मागचं देऊळ किंवा पाण्याची टाकी येत असेल तर ती कापा, आणि मोबाइल फोटोबरोबर ठिकाण जोडतो ती सोय बंद करा. आमच्या माळावर पिंगळ्याची एक ढोली आहे. कुठल्या झाडात, ते विचारलंत तरी मी सांगणार नाही.